एकाच हाराचे दोन आकडे: मौल्यवान धातूंच्या मोजणीत पद्धत कशी निवडावी

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नव्याने प्रयोगशाळा सुरू केलेल्या एका तरुण रसायनज्ञाने मला तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्याकडे घडियाळी पोळातल्या सराफांकडून जुने दागिने येतात, कारागिरांच्या बैठकीखालचा केर येतो, मुलामा देणाऱ्या कारखान्यांची द्रावणे येतात आणि औषध व पेट्रोरसायन उद्योगांतून वापरून झालेले उत्प्रेरकही येतात. परवा एका जुन्या हारासाठी एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी पृष्ठभाग तपासणाऱ्या) हजारी ९१७, म्हणजे हजारात ९१७ भाग सोने, दाखवले आणि भट्टीतल्या क्यूपेलेशनने (शिशाबरोबर तापवून इतर धातू वेगळे काढण्याच्या पद्धतीने) ८९८. यांतले खरे कोणते, हा पहिला प्रश्न. या सगळ्या नमुन्यांना पुरेल असे एकच यंत्र आहे का, हा दुसरा. आणि पैसे मोजकेच असतील तर आधी काय घ्यावे, हा तिसरा.

आधी हाराचे पाहू. क्यूपेलेशन नियंत्रण नमुन्यासह (घडण आधीच माहीत असलेल्या मिश्रणासह) केले असेल, तर ८९८ या आकड्यावर मी विश्वास ठेवीन, पण तो आकडा हाराच्या नेमक्या कोणत्या भागाचा आहे हे विचारल्याशिवाय नाही. एक्सआरएफ यंत्र क्ष-किरण सोडते आणि पृष्ठभागातल्या अणूंकडून परत येणारे त्या त्या मूलद्रव्याचे खास किरण मोजते. सोने हा अतिशय घन धातू असल्यामुळे दहा-वीस मायक्रॉनांच्या खालून आलेले किरण वाटेतच शोषले जातात. म्हणजे केसाच्या जाडीइतक्या खोलीवर काय आहे, हेसुद्धा त्या यंत्राला कळत नाही. जुना हार बहुधा अनेकदा आम्लात उजळून घेतलेला असतो. उजळताना वरच्या थरातले तांबे विरघळून जाते, सोने मागे राहते आणि दागिन्यावर मूळ धातूपेक्षा सरस सोन्याची एक पातळ कातडी तयार होते. यंत्राने मोजली ती ही कातडी. शिवाय किरणांचा ठिपका तुम्ही सहजपणे एखाद्या सपाट, मोठ्या पानावर धरला असणार. कड्यांच्या जोडांवरचा डाख, जो बहुतेक वेळा मूळ सोन्यापेक्षा कमी कसाचा असतो, त्या ठिपक्यात आलाच नसेल. भट्टीसाठी तुम्ही कातरलेल्या तुकड्यात मात्र तो आला असेल. उलट, तुम्ही नेमका जोडच कातरला असेल, तर ८९८ हाही संपूर्ण हाराचा आकडा नव्हे.

एक्सआरएफला मी कमी लेखत नाही. नमुना न बिघडवता एका मिनिटात त्यात काय काय आहे हे सांगणारे दुसरे साधन आपल्याजवळ नाही, आणि क्यूपेलेशनपूर्वी किती चांदी मिसळायची हे ठरवायला ते फार उपयोगी पडते. पण त्याच्या पडद्यावरच्या दशांश चिन्हानंतरच्या अंकांना भुलू नये. जस्ताची एक रेषा, इरिडियम, प्लॅटिनम आणि सोने यांच्या रेषा एकमेकींना इतक्या लागून येतात की यंत्राच्या आज्ञावलीत ती मूलद्रव्ये आधी नमूद केलेली नसतील, तर त्यांचे किरण शेजारच्या सोन्याच्या खात्यात जमा होऊ शकतात. घनता मोजून शंका फेडण्याची पद्धतही अशीच मर्यादित आहे. तांबे-चांदीची भेसळ ती पकडते, पण टंगस्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३२ असल्यामुळे टंगस्टन भरलेली लगड पाण्यातल्या वजनावरून ओळखता येत नाही. कसोटीचा दगडही अजून टाकाऊ झालेला नाही. आपल्या भाषेतले हिणकस, बावनकशी, कस लागणे हे शब्द त्याच दगडावरचे आहेत आणि चोकसी हे पारख करणाऱ्याचे आडनाव तर बडोद्यात गल्लोगल्ली भेटते. सरावलेला डोळा दगडावरच्या रेघेवरून अर्ध्या कॅरटपर्यंत अंदाज बांधतो. परंतु अर्धा कॅरट म्हणजे हजारी सुमारे एकवीस भाग, आणि तुमच्या हाराचा वाद एकोणीस भागांचाच आहे.

म्हणून सोन्याच्या मिश्रधातूंसाठी निवाड्याची पद्धत आजही क्यूपेलेशनच आहे, आणि भारतीय मानक आयएस १४१८ त्याच पद्धतीचे आहे. साधारण २५० मिलिग्रॅम नमुना ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत तोलायचा, त्यातल्या अंदाजे सोन्याच्या अडीच पट चांदी मिसळायची, सगळे शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळायचे आणि १०५० अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत मॅग्नेशियाच्या क्यूपेलवर, म्हणजे सच्छिद्र वाटीवर, ठेवायचे. दाराच्या फटीतून हवा आत येते, शिसे जळून मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, होते, ते वितळून तांबे, जस्त वगैरे हलक्या धातूंची ऑक्साइडे बरोबर घेऊन क्यूपेलच्या छिद्रांत शोषले जाते आणि वर सोने-चांदीचा स्वच्छ मणी उरतो. तो मणी ठोकून, तापवून, लाटून पातळ पट्टी करायची, तिची गुंडाळी करून आधी सौम्य आणि मग तीव्र नायट्रिक आम्लात उकळायची. चांदी विरघळते, सोन्याची तपकिरी, ठिसूळ गुंडाळी मागे राहते, ती धुऊन तापवली की पिवळी होते आणि मग तिचे वजन घेता येते. अडीच पट चांदी का, तर ती कमी असेल तर आम्ल आतपर्यंत पोहोचत नाही आणि चांदी सोन्यातच अडकते. फार जास्त असेल तर गुंडाळीचा चुरा होतो आणि धुताना कण निसटतात. नायट्रिक आम्लात क्लोराइडचा अंशही असू नये. बडोद्याच्या नळाच्या पाण्याने भांडी विसळून थेट वापरायला घेणाऱ्या मदतनिसांना मी हे अनेकदा समजावून सांगितले आहे, कारण चांदीचे क्लोराइड गुंडाळीवर बसले की ते दिसत नाही, पण वजनात येते.

या सगळ्या क्रियेत थोडे सोने क्यूपेलमध्ये जाते आणि थोडी चांदी गुंडाळीत राहते. दोन्ही चुका विरुद्ध दिशांच्या असल्या, तरी त्या एकमेकींना फेडतीलच असे नाही. त्यासाठी नियंत्रण नमुना हवा: शुद्ध सोने, चांदी आणि तांबे तोलून तुमच्या नमुन्याच्या घडणीचेच मिश्रण तयार करायचे आणि ते त्याच ओळीत, नमुन्यांच्या मध्ये ठेवायचे. समजा त्यात २२५ मिलिग्रॅम सोने घातले आणि २२५.०८ मिळाले. हे ०.०८ मिलिग्रॅम तुमच्या २५० मिलिग्रॅमच्या नमुन्यावर हजारी ०.३२ होतात, आणि तेवढे प्रत्येक निकालातून वजा झाले पाहिजेत. नियंत्रण नमुन्याविना काढलेला टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा, मी अहवालात लिहीत नाही. भट्टीच्या धुराड्याबाबतही हयगय नको. शिशाचा एक भाग वाफेच्या रूपाने बाहेर पडतो, तो काम करणाऱ्याच्या फुप्फुसात जातो आणि वर्षानुवर्षे शरीरात साचतो. धुराडे नीट ओढते ना हे रोज पाहावे आणि भट्टीवरच्या माणसांच्या रक्तातले शिसे ठरावीक काळाने तपासून घ्यावे.

क्यूपेलेशनलाही फसवता येते, आणि हे सराफ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. इरिडियम, रुथेनियम, ऑस्मियम हे धातू सोन्यात खऱ्या अर्थाने मिसळत नाहीत. त्यांचे बारीक कण सोन्यात लपून राहतात. शिसे त्यांना नेत नाही, नायट्रिक आम्ल त्यांना विरघळवत नाही, त्यामुळे ते शेवटच्या गुंडाळीत सोने म्हणून तोलले जातात. गुंडाळीवर काळे ठिपके दिसले, लाटताना कडा फाटल्या किंवा मणी निस्तेज वाटला, तर ती गुंडाळी अम्लराजात (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवा. स्वच्छ सोने पूर्ण विरघळते. तळाशी काळी भुकटी राहिली, तर ती गाळून तोला आणि द्रावण आयसीपीवर (द्रावण अतितप्त प्लाझ्मात फवारून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर) तपासा. पांढऱ्या सोन्यात पॅलेडियम असेल, तर नायट्रिक आम्ल नारिंगी-तपकिरी होते. तो रंग दिसल्यावर गुंडाळीत पॅलेडियमचा अंश उरला नाही याची खात्री करावी लागते. निकेलचे पांढरे सोने असेल, तर शिसे वाढवावे लागते, कारण निकेलचे ऑक्साइड क्यूपेलवर खपलीसारखे बसते. आणि ज्या सोन्याचा दावा ९९९.९ आहे, त्यासाठी भट्टी पेटवूच नका. तिथे सोने मोजण्याऐवजी अशुद्धी आयसीपीवर मोजून हजारातून वजा करणे हाच मार्ग आहे.

चांदीबद्दल थोडक्यात सांगतो. चांदीला भट्टीत घालून तिचा टंच काढू नये, कारण ती उडते, शोषली जाते आणि थंड होताना आत घेतलेला ऑक्सिजन बाहेर टाकताना उसळते. ती नायट्रिक आम्लात विरघळवून क्लोराइड, ब्रोमाइड किंवा थायोसायनेटने तिचे टायट्रेशन करणे (ज्ञात तीव्रतेचे द्रावण किती लागले त्यावरून मोजणे) अधिक अचूक असते, आणि अंतिम बिंदू डोळ्याऐवजी विद्युत्‌विभवावरून घेतला तर दोन माणसांच्या निकालांतला फरक जवळपास मिटतो. खरी अडचण नमुन्याची असते. चांदी-तांब्याची लगड थंड होताना धातू आत-बाहेर वेगळे होतात, त्यामुळे कोपऱ्यातल्या एका कातरणीवर लगडीचा भाव ठरवणे धोक्याचे आहे. रस पातळ असतानाच ढवळून त्यातून नमुना उचलावा.

इथून पुढे तुमचा दुसरा प्रश्न सुरू होतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक भांडणेही इथूनच सुरू होतात. कारागिराचा केर घ्या. त्यात राख, पॉलिशची भुकटी, लोखंडाचा कीस, लाख, केस, सोन्याचा कीस आणि मधूनच एखादा अख्खा मणी असतो. पूर्वी झारेकरी तो धुऊन सोने काढत. त्यांना वाटा हवा असे, आपल्याला आकडा हवा असतो. असा केर आधी संपूर्ण तोलून हळूहळू जाळावा, राख दळावी आणि बारीक चाळणीतून गाळावी. सोने मऊ असते. दळताना ते फुटत नाही, चपटे होते आणि चाळणीवर राहते. हा वरचा भाग फेकायचा नाही आणि पुन्हा दळत बसायचाही नाही. तो संपूर्ण वितळवून वेगळा तपासायचा. समजा एक किलो राखेतून चाळणीवर ४० ग्रॅम राहिले आणि त्यात ६.२ ग्रॅम सोने निघाले, खालच्या ९६० ग्रॅममध्ये किलोमागे १.५ ग्रॅम निघाले, म्हणजे १.४४ ग्रॅम. एकूण ७.६४ ग्रॅम. ज्याने फक्त खालची बारीक राख चमच्याने उचलून महागड्या यंत्रात घातली, त्याचे उत्तर खऱ्याच्या पाचव्या हिश्शाएवढे येईल, आणि यंत्राचा त्यात काहीही दोष नसेल.

खनिज दगडात हेच अधिक तीव्रपणे दिसते. १०० मायक्रॉन व्यासाच्या सोन्याच्या गोल कणाचे वजन सुमारे दहा मायक्रोग्रॅम भरते. टनाला एक ग्रॅम सोने असलेल्या दगडाचा ३० ग्रॅम नमुना घेतला, तर त्यात ३० मायक्रोग्रॅम सोने, म्हणजे असे तीनच कण असायला हवेत. प्रत्यक्षात हाताला कधी दोन येतील, कधी पाच, कधी एकही नाही. तोच कण ५० मायक्रॉनांचा असेल, तर त्याच नमुन्यात चोवीस कण येतील आणि आकडा स्थिर होऊ लागेल. त्यामुळे खनिजासाठी ३० किंवा ५० ग्रॅमचा नमुना मुरदाडशिंग, सोडा, टाकणखार, वाळू आणि थोडे पीठ यांच्याबरोबर मुशीत वितळवतात. पिठातला कार्बन मुरदाडशिंगाचे शिसे करतो आणि ते शिसे खाली उतरताना सारे सोने गोळा करते. एका ग्रॅमची अम्लराजातली झटपट चाचणी याची जागा घेऊ शकत नाही.

मुलाम्याची द्रावणे त्या मानाने सोपी असतात, कारण द्रावण ढवळले की नमुना सारखा होतो. मात्र सोन्याची बहुतेक द्रावणे सायनाइडची असतात. त्यांत आम्ल पडले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो जीव घेतो, म्हणून हे काम धूर ओढणाऱ्या कपाटाबाहेर आणि एकट्या माणसाने कधीही करू नये. सोन्याचे सायनाइड संयुग साध्या आम्लाने फुटतही नाही. ते तीव्र सल्फ्युरिक आम्लाबरोबर धूर येईपर्यंत तापवावे लागते. नियमित देखरेखीसाठी सायनाइडमध्येच तयार केलेल्या प्रमाण द्रावणांशी तुलना करून एएएसवर (अणूंनी शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) २४२.८ नॅनोमीटरला मोजणे पुरते. आम्लातली सोन्याची विरल द्रावणे काचेला आणि प्लॅस्टिकला चिकटतात, तेव्हा त्यांत पुरेसे हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवावे आणि महिनाभर जुनी प्रमाण द्रावणे वापरू नयेत.

उत्प्रेरकांबद्दल मला अधिक सांगायचे आहे, कारण बडोद्याभोवतीच्या उद्योगांमुळे हे काम तुमच्याकडे वाढतच जाणार. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्याच्या अॅल्युमिनावरच्या प्लॅटिनमचा निकाल मी दिला; विकत घेणाऱ्याच्या प्रयोगशाळेचा आकडा माझ्याशी तिसऱ्या दशांशापर्यंत जुळला, तरीही दोघांच्या हिशेबात प्लॅटिनमचा मोठा फरक निघाला. मी नमुना सुकवून मोजला होता, आणि माल मात्र ओला तोलला गेला होता. अॅल्युमिना हवेतले पाणी झपाट्याने ओढते. १००० किलो मालात सहा टक्के पाणी आणि कोरड्या वजनावर ०.३० टक्के प्लॅटिनम असेल, तर खरे प्लॅटिनम २.८२ किलो होते. पाणी विसरले तर तीन किलो. मधले १८० ग्रॅम अस्तित्वातच नसतात. तेव्हापासून मी माल तोलला जात असतानाच ओलाव्याचा नमुना घेतो, हवाबंद बरणीत भरतो आणि अहवालात कोरडे वजन, ओले वजन व जळून गेलेला भाग असे तिन्ही लिहितो.

औषध कारखान्यांतला कार्बनवरचा पॅलेडियम याहून अवघड असतो. तो ओला असतो, त्यात विद्रावक असते आणि कोरडा झाला की आपोआप पेट घेऊ शकतो. तेव्हा त्याचा मोठा नमुना, शंभर ग्रॅम तरी, ओल्या अवस्थेतच तोलून मंद तापमानापासून हळूहळू जाळत न्यावा. जळताना पॅलेडियमचे ऑक्साइड बनते आणि ते अम्लराजातही नीट विरघळत नाही. पुष्कळ प्रयोगशाळांचे पॅलेडियमचे निकाल कमी येतात ते इथे. जळालेली राख फॉर्मिक आम्लाने उकळून ऑक्साइडचा पुन्हा धातू करून घ्यावा आणि मगच विरघळवावी. अॅल्युमिना जास्त तापून कडक झालेला असेल, किंवा वाहनांच्या उत्प्रेरकातला ऱ्होडियम मोजायचा असेल, तर साधे आम्ल पुरत नाही. सोडियम पेरॉक्साइडबरोबर झिर्कोनियमच्या मुशीत वितळवावे लागते, किंवा निकेल सल्फाइडने धातू गोळा करावे लागतात. कोणताही मार्ग घेतला, तरी गाळणीवर राहिलेला अवशेष फेकण्यापूर्वी त्यात धातू उरला नाही ना, हे एकदा तपासावे.

द्रावण हातात आले की यंत्राची निवड तुलनेने सोपी होते. टक्क्यांतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमसाठी आयसीपीचे प्रकाश मोजणारे यंत्र, अंतर्गत प्रमाण म्हणून (तुलनेसाठी प्रत्येक द्रावणात सारख्या मात्रेत) यिट्रियम घालून, उत्तम काम देते. दशलक्षांश भागाहूनही कमी मोजायचे असेल, तर वस्तुमान मोजणारे आयसीपी लागते; पण तिथे तेच यिट्रियम घातले, तर त्याचे ऑक्साइड नेमके वस्तुमानांक १०५ वर, पॅलेडियमच्या जागी येऊन बसते. झिर्कोनियमच्या मुशीतून आलेल्या झिर्कोनियमचे ऑक्साइड १०६ वर, तांब्याचे आर्गॉन संयुग १०३ वर म्हणजे ऱ्होडियमवर, हाफ्नियमचे ऑक्साइड प्लॅटिनमवर आणि टँटलमचे सोन्यावर येते. एका यंत्रावर बसलेली सवय दुसऱ्यावर जशीच्या तशी नेल्याने चुकलेले निकाल मी पाहिले आहेत.

आता खरेदीचे. सगळ्या नमुन्यांना पुरेल असे एकच यंत्र नाही. माझ्या मते आधी चांगला सूक्ष्म तराजू, मफल भट्टी आणि तिचे धुराडे, दळणयंत्र, चाळण्या व नमुना सारखा विभागणारी पेटी घ्या. यांना मिळून आयसीपीच्या तुलनेत थोडेच पैसे लागतात आणि वर सांगितलेल्या बहुतेक चुका यांनीच टळतात. त्यानंतर चांदीसाठी टायट्रेशनचे विभवमापक घ्या, मग प्रकाश मोजणारे आयसीपी. एएएसवर पैसे घालण्याची घाई करू नका. उत्प्रेरकांचे काम वाढले की एकेक धातू मोजणे परवडत नाही. वस्तुमान मोजणारे यंत्र अंशमात्र धातूंचे काम नियमित येऊ लागले तरच घ्या.

त्या हाराबद्दल एवढेच करा. मालकांची लेखी संमती घेऊन उरलेला हार टाकणखाराबरोबर पूर्ण आटवा, रस ढवळा, पातळ लगड ओता आणि तिच्या समोरासमोरच्या दोन टोकांवरून प्रत्येकी दोन नमुने कातरा. चारही नमुने एकाच ओळीत, मध्ये दोन नियंत्रण नमुने ठेवून चालवा. दोन टोकांत हजारी एकाहून जास्त फरक आला, तर लगड पुन्हा आटवा. फरक आला नाही, तर सरासरीचा आकडा अहवालात लिहा, आटवण्यापूर्वीचे व नंतरचे वजन त्याखाली नोंदवा आणि उरलेली कातरण पाकिटात बंद करून मालकांच्या सहीसह जपून ठेवा.